न्युबियन अरागीद शिकताना: आधी टाळी, मग पाऊल, मग रांग

न्युबियन नाच बसवायला घेणारे गट सहसा आधी कपडे शिवायला टाकतात, मग पावलं बसवतात आणि टाळ्या शेवटच्या दोन तालमींत कशाबशा जोडतात. हा क्रम उलटा आहे. अरागीद हा टाळ्यांवर उभा राहिलेला सामुदायिक नाच आहे. टाळी पक्की असेल तर साध्या कपड्यांत, डफ नसतानाही तो उभा राहतो. टाळी कच्ची असेल तर कितीही सुंदर वेशभूषा त्याला वाचवू शकत नाही. म्हणून हे मार्गदर्शन टाळीपासून सुरू होतं आणि कपड्यांकडे बरंच उशिरा येतं.

त्याआधी एक निर्णय घ्यायला हवा. न्युबिया म्हणजे इजिप्तमधल्या आस्वानपासून दक्षिणेला सुदानमधल्या डोंगोलाच्या टापूपर्यंत पसरलेला नाईलकाठचा पट्टा. इथे एकच भाषा नाही आणि एकच नाचही नाही. इजिप्तच्या बाजूला उत्तरेकडे केनूझ आणि दक्षिणेकडे फाडिजा लोक, दोघांच्या भाषा वेगळ्या. मधल्या काही गावांत अरबी बोलणारे न्युबियन. सुदानच्या बाजूला हल्फावी, सुक्कोत, महस आणि डांगला. केनूझांच्या गाण्यात डफाचं राज्य आहे. फाडिजा आणि महस भागांत टाळ्यांचे थर आणि किसिर, म्हणजे पाच तारांचं लायर जातीचं वाद्य, जास्त ऐकू येतं. सुदानमध्ये याच जातीच्या वाद्याला तंबूर म्हणतात. 'न्युबियन नाच' असं मोघम नाव देऊन तिन्ही-चारही भागांतले तुकडे एकत्र शिवू नका. एक भाग निवडा, त्याच भागातल्या लग्नांची ध्वनिमुद्रणं मिळवा आणि तालीम संपेपर्यंत तिथेच राहा. खाली जी मांडणी दिली आहे ती फाडिजा पद्धतीच्या अरागीदकडे झुकणारी, पण शिकण्यासाठी सोपी करून घेतलेली आहे. गावागावांत टाळीचे तपशील बदलतात, त्यामुळे ही चौकट हातात बसली की निवडलेल्या गावचं मुद्रण लावून तिच्यात दुरुस्ती करायची.

किती माणसं, किती जागा

१२ ते १६ माणसं असली की टाळ्यांचे थर नीट ऐकू येतात. आठपेक्षा कमी असतील तर एक माणूस चुकला की एक थरच कोसळतो. दोन रांगा समोरासमोर उभ्या करायच्या, मधे चार ते पाच मीटर मोकळं अंगण. रांगेत खांद्याला खांदा जेमतेम लागेल इतकं जवळ उभं राहायचं. बहुतेक गट इथेच चुकतात. कवायतीची सवय असल्यामुळे दोघांत हातभर अंतर ठेवतात आणि मग शेजाऱ्याचा भार कुठल्या पायावर आहे हे अंगाला कळतच नाही. अरागीदची रांग डोळ्यांनी जुळत नाही, खांद्यांनी जुळते.

जमीन शक्यतो कठीण असावी. जाड सतरंजीवर पाऊल ऐकू येत नाही, आणि पायाचा हलका आवाज हाही तालाचा एक पदर आहे.

टाळी

आधी अंगठ्या, कडी, घड्याळं काढून ठेवा. वीस मिनिटांत तळहात लाल होतात आणि अंगठीचा धातू शेजारच्या बोटाला कापतो.

दोन आवाज शिकायचे. पहिला खोल: दोन्ही तळहात किंचित वाटीसारखे, एकमेकांवर तिरके ठेवून मारलेले, मधे हवा अडकते आणि घुमणारा आवाज येतो. दुसरा टोकदार: एका हाताची चार बोटं जुळवून दुसऱ्या तळहाताच्या मांसल भागावर मारलेली. बोटं फाकली तर आवाज फाटतो. मारून झाल्यावर हात चार-सहा बोटांपेक्षा जास्त लांब न्यायचे नाहीत. कार्यक्रमात कौतुकाने वाजवतो तशी हात पसरून टाळी वाजवली तर परतीच्या प्रवासात वेळ जातो आणि दुसरी टाळी हमखास उशिरा पडते. कोपर अंगाजवळ, हात छातीच्या खाली, मनगट ढिलं.

आता मोजणी. बारा मात्रांचं एक आवर्तन घ्या आणि तीन-तीनचे चार गट करून तोंडाने म्हणा: एक-दोन-तीन, दोन-दोन-तीन, तीन-दोन-तीन, चार-दोन-तीन. मंडळींचे तीन गट पाडा.

पहिला गट खोल टाळी देईल: १, ४, ७, १० या मात्रांवर.
दुसरा गट टोकदार टाळी देईल: ३, ६, ९, १२ वर, म्हणजे पहिल्या गटाच्या टाळीच्या लगेच आधी.
तिसरा गट टोकदार टाळी एक सोडून एक मात्रेवर देईल: १, ३, ५, ७, ९, ११.

पहिला गट एकटा किमान पाच मिनिटं चालू द्या. वेग मिनिटाला साठ खोल टाळ्यांच्या आसपास, यापेक्षा जास्त नको. तो घड्याळासारखा स्थिर झाला की दुसरा गट सोडा. दोन्ही गट एकमेकांकडे न बघता टिकले की मगच तिसरा.

तिसरा गट सगळ्यात अवघड, कारण त्यांच्या सहा टाळ्या बाकीच्यांच्या चार टाळ्यांवर आडव्या जातात. जुळलंय की नाही हे तपासायची एक सोपी खूण आहे. तिसऱ्या गटाची टाळी १ आणि ७ वर पहिल्या गटाबरोबर पडते, ३ आणि ९ वर दुसऱ्या गटाबरोबर पडते, आणि ५ व ११ वर ते एकटेच असतात. ५ आणि ११ वर एकच स्वच्छ आवाज ऐकू आला तर सगळं बरोबर आहे. तिथे दोन आवाज चिकटून आले तर दुसरा गट पुढे पळतोय असं समजा. तिसऱ्याला दोष देऊ नका.

दादऱ्यात मुरलेल्या लोकांना इथे एक अडचण येते. सहा मात्रांनंतर सम आली असं वाटून ते पहिल्या मात्रेवर जोर देतात आणि मानही हलवतात. अरागीदमध्ये असा एका जागी येऊन टेकणारा जोर नको. चारही खोल टाळ्या सारख्या वजनाच्या. त्यामुळेच हा ताल तासन्‌तास न थकवता चालू राहू शकतो, आणि लग्नाच्या रात्री तो तसाच चालतो.

दुसरी हमखास चूक वेगाची. गायक वरच्या स्वरात गेला, मधे कोणी नाचायला उतरलं, बायकांनी झगारीत दिली, म्हणजे जीभ हलवत काढतात तो आनंदाचा लांब स्वर, की सगळ्यांचे हात पळायला लागतात. वेग वाढायला हरकत नाही. रात्र चढते तसा तो वाढतोच. पण तो खोल टाळीने वाढवायचा आणि बाकीच्यांनी मागे जायचं. तालमीत हे मुद्दाम करून बघा: पहिल्या गटातल्या एकाच माणसाला वेग वाढवायचा अधिकार द्या, दोन मिनिटांत ६० वरून ८० पर्यंत, आणि इतरांनी त्याच्याच टाळीला चिकटून राहायचं. ८० ला तिन्ही थर टिकले तर ९० ते १०० पर्यंत जाता येतं. त्यापुढे नवशिक्या गटाच्या तिसऱ्या थराचा चिखल होतो.

डफ

वाद्याचं स्थानिक नाव 'तार'. मराठीत गोंधळ होऊ नये म्हणून इथे डफच म्हणू. लाकडी कड्यावर एका बाजूने बकऱ्याचं कातडं, व्यास साधारण ३५ ते ४५ सेंटिमीटर, झांजा नाहीत. झांजा लावलेला छोटा डफ हे कैरोच्या शहरी संगीतातलं वाद्य आहे. तो इथे आणलात तर टाळ्यांचा टोकदार थर झाकला जातो. एकापेक्षा जास्त डफ असतील तर वेगवेगळ्या आकारांचे घ्या, म्हणजे सूर एकमेकांवर चढत नाहीत.

डाव्या हाताचा अंगठा कड्याच्या आतून अडकवायचा (काही डफांना त्यासाठी भोक असतं) आणि त्याच हाताची बोटं कातड्याच्या काठावर मोकळी ठेवायची. उजव्या हाताने मुख्य आघात. 'दुम' हा खोल आवाज काठापासून दोन-तीन बोटं आत, बोट मारून लगेच उचललं की येतो. बोट टेकून ठेवलं तर आवाज मरतो. 'तक' अगदी काठावर, बोटांच्या टोकांनी. डाव्या हाताच्या बोटांचा हलका 'क' अधली-मधली जागा भरतो. सुरुवातीला इतकंच वाजवा: १ आणि ७ वर दुम, ४ आणि १० वर तक, ३, ६, ९, १२ वर 'क'. याहून जास्त नक्षी पहिल्या महिन्यात नको. डफवाल्याचा हात साफ असेल तर तो टाळ्यांचा धनी होऊ पाहतो, आणि तसं झालं की रांग त्याच्याकडे बघत नाचू लागते. डफाने टाळीच्या आत राहायचं.

कातडं ओलसर हवेत उतरतं. आस्वानच्या कोरड्या हवेत हा त्रास कमी. समुद्रकाठच्या शहरांत रोजचा. वाजवण्याआधी निखाऱ्यांपासून किंवा शेगडीपासून चांगलं दीड-दोन वीत वर धरून डफ सतत फिरवत दोन-तीन मिनिटं शेका. दर अर्ध्या मिनिटाला काठावर बोट मारून ऐका. आवाज हळूहळू वर चढतो, मग एका क्षणी कडक, कोरडा होतो. तिथेच थांबा. त्यापुढे शेकलं तर कातडं कड्याशी उसवतं, आणि बहुतेकदा ते त्याच वेळी न उसवता नाचाच्या ऐन मध्यात उसवतं. कार्यक्रम लांबणार असेल तर दोन डफ आळीपाळीने वापरा, एक वाजतो तोवर दुसरा उबेला.

पाऊल

गुडघे मोकळे, पाठ सरळ पण कमरेतून किंचित पुढे कललेली, नजर समोरच्या रांगेवर. टाचा जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरच उठतात. या नाचात उडी नाही. जो काही उसळता भाव दिसतो तो गुडघ्यातून येतो, पंजातून नाही.

पहिलं पाऊल जागच्या जागी. १ वर भार उजव्या पायावर, ४ वर डाव्या, ७ वर उजव्या, १० वर डाव्या. भार पडताना गुडघा खाली दबतो, मधल्या दोन मात्रांत तो हळू सरळ होतो. सगळं सौंदर्य त्या हळू सरळ होण्यात आहे. नवखे लोक पाय पटकन बदलतात आणि मधल्या दोन मात्रा ताटकळत उभे राहतात. मग नाच ठोकळेबाज दिसतो. टाळी न वाजवता, तोंडाने बारा मात्रा म्हणत, फक्त हा भार बदलण्याचा सराव दहा मिनिटं करा. रांगेत खांदे एकत्र डावी-उजवीकडे झुकायला लागले की टाळी जोडा.

दुसरं पाऊल पुढे-मागे. १ वर उजवा पाय अर्ध्या पावलाएवढा पुढे, ४ वर डावा त्याच्याजवळ, ७ वर उजवा तितकाच मागे, १० वर डावा जवळ. समोरची रांग तेव्हाच उलट चालली, एक पुढे येताना दुसरी मागे सरली, तर मधलं अंगण कायम तेवढंच राहतं आणि दोन्ही रांगांमधे पाण्यासारखी हालचाल दिसते. अर्ध्या पावलापेक्षा मोठं पाऊल टाकू नका. रांगेच्या टोकाची माणसं मागे पडतात आणि रांग धनुष्यासारखी वाकते.

तिसरं, बाजूला सरकणारं. उजवा बाजूला, डावा घसरत जवळ, पुन्हा उजवा बाजूला, डाव्याचा फक्त स्पर्श. पुढच्या आवर्तनात परत डावीकडे. 'घसरत' हा शब्द अक्षरशः घ्या. पाय उचलून ठेवला तर तो वेगळा नाच होतो.

हात टाळीत नसतील तेव्हा बायकांचे हात कोपरात हलके वाकून अंगाच्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या जरा वर; कधी ओढणीचं टोक हातात. पुरुषांचे हात खाली मोकळे किंवा छातीपाशी टाळीच्या तयारीत. कंबर वेगळी काढून हलवायची नाही. भार बदलताना ती आपोआप जितकी हलते तितकीच. कैरोच्या पोटनाचाचे झटके इथे मिसळणं ही सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक आहे, कारण त्यामुळे बघणाऱ्याचं लक्ष रांगेवरून उडून एका शरीरावर जातं.

तिन्ही पावलं टाळीशिवाय जमली म्हणजे जमली असं नाही. टाळी देत पाऊल टाकताना दुसऱ्या गटाची फरफट होते: हात ३ वर, पाय १ वर. त्यांना आधी पायाचा आवाज तोंडाने काढायला लावा, 'धप' पायाला आणि 'चट' हाताला. 'चट-धप, चट-धप' असं जोडीने म्हणता आलं की अंग मागोमाग येतं.

मधे उतरणं

रांगेतून दोघं किंवा तिघं पुढे येतात, अंगणाच्या मध्यापर्यंत जातात, समोरच्या रांगेसमोर दोन-चार आवर्तनं नाचतात आणि मागे सरकत आपल्या जागी जातात. पाठ वळवून चालत परत जायचं नाही. मधे उतरलेल्यांनी टाळी सोडली तरी चालते, पण रांगेने त्यांच्या जागा लगेच मिटवायच्या, भोक ठेवायचं नाही. दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त मधे राहणं हावरेपणा वाटतो.

एकट्याने मधे जाऊन कौशल्य दाखवण्यासाठी हा भाग नाही. मधे उतरणं म्हणजे समोरच्या घरच्या लोकांना, पाहुण्यांना, नवरा-नवरीच्या माणसांना मान देणं. म्हणूनच कोण कोणासमोर उतरतं याला अर्थ असतो: नवऱ्याचे मित्र त्याच्यासमोर, नवरीच्या बहिणी-मैत्रिणी तिच्यासमोर.

गायक एक ओळ म्हणतो आणि रांगा पालुपद उचलतात. सूर पाच स्वरांच्या चौकटीत फिरतात, त्यामुळे पालुपद लवकर बसतं. शब्दांच्या बाबतीत मात्र घाई नको. न्युबियन भाषा बोलणाऱ्या माणसाकडून उच्चार शिका, अर्थ समजून घ्या आणि चारच ओळी नीट म्हणा. ऐकून अंदाजाने जुळवलेली निरर्थक अक्षरं लोकांसमोर म्हणणं हा त्या भाषेचा अपमान होतो. ही भाषा बोलणारी मुलं कमी होत चालली असताना तर तो जास्तच बोचतो.

यामागचे रिवाज

अरागीदचं मूळ घर म्हणजे लग्न. जुन्या न्युबियात लग्न एका दिवसाचं नसे. मेंदी, वरात, भेटीगाठी, नदीवर जाणं असं करत ते आठवडा-पंधरवडा चाले. गावातले पुष्कळ पुरुष कैरो-अलेक्झांड्रियात स्वयंपाकी, दरवान, घरगडी म्हणून कामाला असत. १९०२ मध्ये आस्वानचं पहिलं धरण झालं, १९१२ आणि १९३३ मध्ये त्याची उंची वाढली, प्रत्येक वेळी शेतजमीन पाण्याखाली गेली आणि बाहेर जाणारे वाढले. ते सुट्टीला गावी आले की लग्नं लागत. त्यामुळे नाचाच्या रात्री दोन रांगा समोरासमोर येणं म्हणजे महिनोन्‌महिने दुरावलेलं गाव एका अंगणात भेटणं होतं. सगळ्यांनी एकाच वेळी सहभागी व्हावं अशीच या नाचाची रचना आहे: म्हातारे टाळी देतील, मुलं रांगेच्या टोकाला शिकतील, ज्याला पाऊल येत नाही तोही भार बदलत उभा राहील. तालमीत एखाद्याला 'तुला जमत नाही, तू बस' असं सांगण्याची वेळ आली तर त्याला पहिल्या गटाची खोल टाळी द्या.

मेंदीची रात्र नवरा आणि नवरी दोघांची असते. दोघांनाही आपापल्या घरी मेंदी लागते. नवरा या दिवसांत तलवार किंवा चाबूक जवळ बाळगतो. लग्नातली जोडी दृष्ट आणि अदृश्य शक्तींपुढे उघडी पडलेली असते असा समज, आणि ही शस्त्रं त्यापासून रक्षणासाठी. त्याच कारणाने ती नाचात फिरवण्याची खेळणी नाहीत. मंचावर तलवारबाजी घालण्याचा मोह टाळा. नवऱ्याची भूमिका करणाऱ्याने ती हातात धरून शांत उभं राहावं.

नाईलचं स्थान वेगळं सांगायला हवं. नदीत अदृश्य जीव राहतात आणि त्यांचा मान राखला पाहिजे, अशी जुनी श्रद्धा. नवरा-नवरीने नदीवर जाऊन पाण्याने हातपाय-तोंड धुणं हा लग्नाच्या विधींचा भाग, तसंच बाळंतपणाच्या आणि इतर प्रसंगीही नदीला अन्न सोडणं. १९६३-६४ मध्ये आस्वानच्याच नव्या, उंच धरणासाठी इजिप्तमधल्या सुमारे ५०,००० न्युबियनांना आस्वानच्या उत्तरेला कोम ओम्बोच्या परिसरात हलवलं गेलं. सुदानमधल्या हल्फाच्या लोकांना साधारण तेवढ्याच संख्येने अतबरा नदीकाठच्या खश्म अल-गिरबा इथे नेलं. कोम ओम्बोची नवी गावं नदीपासून काही किलोमीटर आत, घरं ओळीने चिकटून, अंगणं लहान. नदीकडे तोंड करून पसरलेल्या जुन्या घरांसमोर लांब रांग सहज उभी राहत असे; नव्या गल्ल्यांत ती वळवून अर्धगोल करावी लागते. जुन्या वर्णनात 'समोरासमोर रांगा' आणि आजच्या लग्नाच्या चित्रफितीत अर्धगोल दिसला तर गोंधळून जाऊ नका. दोन्ही खरे आहेत. आज कीबोर्ड आणि ध्वनिक्षेपकही असतात, नाच शहरातल्या सभागृहांतही होतो. कीबोर्डने बाराचा ताल चारात सपाट केला आहे का, एवढं मात्र कान देऊन ऐका आणि शिकण्यासाठी तसं मुद्रण घेऊ नका.

गावात कोणी गेलं असेल तर लग्न पुढे ढकलतात किंवा नाचगाण्याला फाटा देतात. अजान सुरू झाली की डफ आणि टाळ्या थांबतात आणि ती संपल्यावर पुन्हा सुरू होतात. तुमच्या कार्यक्रमात न्युबियन पाहुणे असतील तर हे दोन्ही आधी विचारून घ्या.

कपडे

फाडिजा बायकांचा जरजार हा काळा, पातळ, पारदर्शक अंगरखा. आत रंगीत कपडा घालतात आणि तो काळ्यातून झिरपताना दिसतो. मागचा घेर जमिनीवर लोळतो. वाळूवरची पावलं पुसली जावीत म्हणून तो लांब, असं सांगतात. शिवताना मागची बाजू १५ ते २० सेंटिमीटर जास्त ठेवा, पुढची घोट्याच्या वर. पुढची लांब राहिली तर पुढे-मागे पावलात तीच पायाखाली येते. मागे सरकताना स्वतःच्याच घेरावर पाय पडण्याचा धोका असतोच. त्यावर उपाय म्हणजे घसरतं पाऊल: टाच उचलून मागे टाकली की कापड अडकतं, पंजा जमिनीला लावून मागे ढकलला की कापड आपोआप सरकतं. पहिल्या तालमींना घेर पिनेने वर घ्या, पण शेवटच्या पाच-सहा तालमी पूर्ण लांबीत झाल्याच पाहिजेत.

पुरुषांना पांढरा, सैल, घोट्यापर्यंतचा गलाबिया, डोक्याला पांढरी पगडी, हवं तर वरून जाकीट. गलाबियाचा घेर गुडघ्यापाशी पुरेसा रुंद हवा. अरुंद शिवला तर भार बदलताना कापड ताणतं आणि गुडघा दबतच नाही. सुदानी बाजू निवडली असेल तर बायकांसाठी तोब, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं सुमारे साडेचार मीटर लांब वस्त्र. तो सारखा खांद्यावरून घसरतो आणि सावरणं हाच त्या नाचातल्या हातांचा एक भाग होतो, म्हणून तो पिनांनी गच्च करू नका.

चेहरा, हात काळे रंगवायचे नाहीत. इजिप्तच्या पडद्यावर हे वर्षानुवर्षं झालं आहे आणि न्युबियनांनी त्याबद्दल तीव्र नाराजी नोंदवली आहे. पिसं, कवड्यांचे घागरे, बिबट्याच्या ठशांचं कापड हेही पर्यटकांच्या कार्यक्रमांतून आलेलं. ते इथलं नाही.

मंचावर मांडताना

१९५९ मध्ये कैरोत सुरू झालेल्या रेदा नृत्यसंघाने इजिप्तचे प्रादेशिक नाच मंचावर आणले, पुढे आस्वानच्या संघांनीही आपले नाच मंचावर मांडले. मंचाची सगळ्यात मोठी अडचण हीच: सगळ्यांची तोंडं प्रेक्षकांकडे वळतात आणि समोरची रांग नाहीशी होते. उपाय म्हणून दोन रांगा नळकांड्यासारख्या समोरासमोर न ठेवता इंग्रजी व्ही आकारात, प्रेक्षकांच्या बाजूला उघड्या ठेवा. उघडा भाग सहा मीटर, बंद टोक दोन मीटर. गायक आणि डफवाले बंद टोकाला. ध्वनिक्षेपक फक्त गायकाला द्या; टाळ्यांसाठी मंचाच्या कडेला खाली दोन माइक पुरतात. डफाला माइक दिला की टाळी बुडते.

आठ ते दहा मिनिटांचा एक तुकडा पुरेसा. त्यापेक्षा लहान केला तर ताल अंगात चढण्याआधीच संपतो. सुरुवात एकट्या खोल टाळीने करा, थर एकेक करून चढवा, पालुपद तिसऱ्या मिनिटाच्या सुमाराला, मधे उतरणं त्यानंतर. शेवट करताना जोराचा एकत्रित ठोका देऊन थांबण्याची सवय इतर नाचांमधून येते. इथे तिसरा थर आधी काढा, मग दुसरा, डफ, आणि खोल टाळी चालू असतानाच रांगा मागे सरकत निघू द्या.

आस्वानला जाऊन शिकायचं असेल तर

नाईलच्या पश्चिम काठावरचं गरब सोहेल आणि आस्वानसमोरचं एलिफंटाइन बेट इथे न्युबियन वस्ती आहे. आस्वानचं न्युबिया संग्रहालय १९९७ मध्ये उघडलं. तिथे जुनं घर, लग्न, कपडे यांची मांडणी बघून जरजारचा घेर आणि दागिन्यांची जागा नीट कळते. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला अबू सिंबेलच्या मंदिरात सूर्यकिरण आत पोचतात, त्या सुमाराला लोकनृत्यांचे संघ जमतात. मात्र तिथे दिसतो तो मंचावरचा नाच. टाळी शिकायला लग्न किंवा घरचा कार्यक्रमच हवा.

लग्नाला बोलावलं गेलंच तर आधी बसून ऐका. कोणी हाताला धरून उठवलं की आपल्या लिंगाच्या रांगेत, टोकाला उभं राहा आणि खोल टाळी द्या. तीच अनोळखी माणसाला शोभते आणि चुकली तरी लगेच दुरुस्त होते. मधे उतरायची घाई नको, घरातल्या मोठ्याने खुणावलं तरच. मोबाइल खिशात ठेवा. बायकांच्या रांगेचं चित्रण घरच्या बायकांनी हो म्हटल्याशिवाय करायचं नाही, आणि केलेलं चित्रण समाजमाध्यमांवर टाकण्याची परवानगी वेगळी मागायची. ध्वनिमुद्रणाला सहसा लवकर होकार मिळतो, आणि शिकण्यासाठी तेच जास्त उपयोगी. रेकॉर्डर रांगेच्या मध्यामागे, जमिनीपासून कमरेच्या उंचीवर धरा. डफाच्या शेजारी धरला तर टाळ्यांचे तीन थर वेगळे काढता येत नाहीत. पाकीट द्यायचं असेल तर ते यजमान कुटुंबाच्या हाती द्या. लग्नातल्या भेटीची नोंद ठेवून पुढे परतफेड करण्याची पद्धत आहे, म्हणून त्यावर नाव नीट वाचता येईल असं लिहा.